मूसच्या गोष्टीला हुंकार

परवा मी हल्ली राहते त्या कनाटा गावाच्या बाहेर, हायवेला लागायच्या आधी, गाडीत पेट्रोल भरायला थांबले होते. शेजारच्या पंपाशी चिखलानं माखलेला एक पिकअप ट्रक उभा होता. मागच्या हौद्यावर निळी ताडपत्री दोरांनी करकचून आवळलेली आणि तिच्या कडेतून शिंगाचं एक टोक बाहेर आलेलं. शिंग तरी कसं, तर सुपासारखं पसरट, कडेला बोटं फुटलेलं. ट्रकला टेकून दोन माणसं कॉफी पीत होती. शिकाऱ्यांच्या नारिंगी टोप्या, वाढलेल्या दाढ्या, चेहऱ्यावर थकवा आणि त्या थकव्यातही एक समाधान. त्यातल्या एकानं माझ्याकडे बघून मान हलवली. पूर्वीची मी असते तर नजर वळवली असती. परवा मात्र त्या शिंगाकडे बघत उभी राहिले आणि तोंडून हलकेच निघालं, "हं."

कुणी काही सांगत नव्हतं. तरी निघालं. ऑक्टोबर आला की माझं असं होतं.

इथल्या फॉलबद्दल, म्हणजे पानगळीच्या दिवसांबद्दल, सगळे रंगांचं बोलतात, झाडांचे फोटो काढून भारतात पाठवतात. मीही पाठवले आहेत. पण माझ्या मनात जो एक फॉल घर करून बसला आहे तो वासांचा आणि आवाजांचा आहे. उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा घर तापवणारा फर्नेस सुरू झाला की आत साचलेली धूळ जळते, तो वास. कागदी पिशव्यांत भरून रस्त्याच्या कडेला ठेवलेल्या ओल्या पानांचा आंबूस वास. जिन्यावरून बेसमेंटमध्ये उतरणारा तांबड्या रश्श्याचा वास. आणि या सगळ्यांवर आप्पांचा आवाज, तेव्हाच घोगरा झालेला, हळूहळू झिजत चाललेला.

टोरोंटोच्या एटोबिको भागातलं आप्पांचं घर विमानतळाजवळ होतं. विमानं इतकी खालून जायची की फडताळातली भांडी किणकिणायची. त्या घराच्या बेसमेंटमध्ये मी राहायला आले तेव्हा कॉलेजात शिकत होते आणि संध्याकाळी एका ग्रोसरीच्या दुकानात काम करत होते. मी मूळची जिंतूरची. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. घरात पदवीपर्यंत पोचलेली पहिली मीच. आप्पा आणि मालतीकाकू माझ्या नात्यातले नव्हेत. ओळखीच्या ओळखीतून त्यांचा फोन नंबर मिळाला होता. पहिल्या दिवशी आप्पांनी दारातच विचारलं, "मटण खातीस का?"

"खाते."

"मग ऱ्हा."

एवढीच मुलाखत. पुढे मला नोकरी लागली, पीआर, म्हणजे इथं कायम राहायची परवानगी मिळाली, तेव्हा मी भीतभीत म्हणाले की आता वेगळं घर बघते. काकू म्हणाल्या, "बघ की. कोण नको म्हणतंय? फक्त जेवायला वर येत जा." जेवायला वर यायचं तर वेगळं घर कशाला, म्हणून मी राहिले. या देशाचे माझ्यावर उपकार आहेत हे मी मनापासून मानते. पण या देशाचा चेहरा कसा आहे असं कुणी विचारलं, तर मला जिन्याच्या वरच्या पायरीवर पदर खोचून उभ्या असलेल्या काकूच दिसतात.

आप्पा आजऱ्याकडचे. तरुणपणी फिटरचं काम शिकून इकडे आले आणि उत्तर ओंटारिओतल्या एका कागद गिरणीत लागले. तिथं ऑक्टोबर आला की निम्मी गिरणी रजेवर जायची. सगळे जंगलात, मूसच्या शिकारीला. आप्पांना बंदुकीचं वेड गावापासूनच. त्यांचे चुलते रानडुकराच्या हाक्याला जात आणि लहानगे आप्पा डबा वाजवत मागे पळत. गिरणीत त्यांना एइनो नावाचा फिनलंडचा दोस्त भेटला आणि पहिल्याच वर्षी तो त्यांना आपल्या तळावर घेऊन गेला.

मूस म्हणजे हरणाच्याच कुळातलं जनावर, पण घोड्याहून उंच, लांबट तोंडाचं, गळ्याखाली झुपका लोंबणारं. आप्पा सुट्टीत गावी गेले आणि चावडीवर सांगितलं, "मूस मारला." लोक एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी एक म्हातारा म्हणाला, "एवढ्या लांब जाऊन उंदीर मारलास व्हय रं? त्याला बंदूक कशाला?" ही गोष्ट आप्पा दर वेळी स्वतःच हसत सांगायचे. काकूंची वेगळी. त्यांनी पहिल्यांदा ट्रकमधलं ते धूड पाहिलं आणि दार लावून घेतलं. "मला वाटलं, ह्यांनी कुणाची तरी म्हैसच मारून आणली. आता पोलीस येणार." मग हिवाळाभर फ्रीजरमध्ये ते मटण पुरलं आणि कोल्हापूरहून आलेल्या चटणीत त्याचा रस्सा झाला. काकू सांगायच्या, शेजारची फिनिश बाई डोळ्यांतून पाणी काढत दोन वाट्या प्यायली आणि तिसरी मागितली.

हे सगळं मला कसं ठाऊक, तर त्या एका फॉलमध्ये मी आप्पांच्या शिकारीच्या आठवणी रेकॉर्ड केल्या.

त्यांच्या घशात गाठ निघाली होती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, माणूस राहील, पण स्वरयंत्र काढावं लागेल. आप्पांनी हे फार शांतपणे ऐकलं. बाहेर आल्यावर काकूंना म्हणाले, "तुझी सोय झाली. आता उलट बोलणार न्हाई." काकूंनी तिथंच पार्किंगमध्ये त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला आणि गाडीत बसून रडल्या.

हॉस्पिटलातल्या बाईंनी सुचवलं की आवाज आहे तोवर साठवून ठेवा. नंतर टॅब्लेटवर लिहिलं की तो त्यांच्याच आवाजात बोलेल. त्यासाठी इंग्रजी वाक्यांचा एक गठ्ठा दिला. आप्पांनी तो शाळेतल्या मुलासारखा ताठ बसून वाचला. मला एक ग्लास पाणी हवं आहे. आज हवा छान आहे. कृपया खिडकी बंद करा. आता तो टॅब्लेट त्यांच्याजवळ असतो. गेल्या महिन्यात मी एटोबिकोला गेले होते तेव्हा त्यांनी बटण दाबलं आणि भारदस्त इंग्रजीत पाणी मागितलं. काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "कोण साहेब आलाय गं?" आवाज आप्पांचाच आहे, तंतोतंत. पण त्यात आप्पा नाहीत. आप्पा कधी कुणाकडे 'कृपया' म्हणून पाणी मागतील?

ही गोष्ट त्यांच्या मुलाच्या, समीरच्या, आधीच लक्षात आली होती. समीर पन्नाशीला आलेला, टोरोंटोत बँकेत मोठ्या हुद्द्यावर, राहायला मिसिसागाला. त्या वेळी तो मला म्हणाला, "अ‍ॅश, हे वाचताना बाबा साउंड्स लाइक अ रोबोट. त्याला मराठीत बोलू दे. हंटिंगबद्दल बोलायला लाव, ही लव्ह्ज दॅट." त्यानं एक चांगला मायक्रोफोन आणून दिला आणि बजावलं, "फक्त एक कर. डोन्ट टॉक ओव्हर हिम. मला क्लीन ऑडिओ पाहिजे. फक्त त्याचा आवाज."

मी हो म्हणाले. मला वाटलं, गप्प बसणं यात काय अवघड आहे?

शनिवार-रविवारच्या दुपारी आम्ही मागच्या खोलीत बसायचो. आप्पांची खुर्ची खिडकीकडे तोंड करून. बोलताना ते समोरच्या माणसाकडे बघत नसत, बाहेर मॅनिटोबा मेपलच्या झाडीकडे बघत, जणू तिथून काही निघणार आहे. विमान आलं की एक बोट वर करायचे आणि विमान जाईपर्यंत तसेच थांबायचे. मग पुन्हा तिथूनच सुरू. पहाटेचं धुकं, पाण्यावर सरपटणारी कनू, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, वल्ह्यावरून ओघळणारं पाणीसुद्धा ऐकू येईल अशी शांतता. आप्पा सांगत आणि मी ऐकत गेले.

आणि ऐकत होते म्हणजे हुंकार देत होते.

आमच्याकडे लाइट गेले की वडील अंगणात गोष्ट सांगायचे. त्यांची एकच अट असे, हुंकार द्यायचा. "तू हूं म्हणली नाहीस की गोष्ट झोपती," असं म्हणायचे. आम्ही झोपेनं पेंगायला लागलो की हुंकार विरळ व्हायचे आणि गोष्टही आपोआप हळू चालायची. ऐकणं म्हणजे तोंड मिटून बसणं असं मला कधी वाटलंच नाही. ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये यावरून माझी फजिती झाली आहे. कुणी बोलत असताना मी "हं, हं" करायची आणि पडद्यावर माझाच चौकोन उजळायचा. मॅनेजर थांबून विचारायचे, "अश्विनी, तुला काही बोलायचंय का?" मला काहीच बोलायचं नसायचं. मी फक्त त्यांची गोष्ट जागी ठेवत होते.

पहिले रेकॉर्डिंग ऐकून समीरनं फोन केला. "अ‍ॅश, मागे एक बकरी आहे का?"

"बकरी?"

"हं. हं. हं. ऑल द वे थ्रू!"

मी शरमले. पुढच्या शनिवारी तोंडावर हात ठेवून बसले. आप्पांनी एका जखमी मूसचा माग काढल्याची गोष्ट सुरू केली. दोन वाक्यं झाली, तिसरं अडखळलं. त्यांनी मागे वळून पाहिलं. "हायस का गेलीस?"

मी जोरजोरानं मान हलवली. ते पुन्हा खिडकीकडे वळले, पण आता गोष्टीला पायच उरले नव्हते. माग काढला. मिळाला. घेऊन आलो. संपलं. ज्या गोष्टीत एरवी रक्ताचा एकेक थेंब शेवाळावर दिसला असता, ती पोस्टकार्डाएवढी होऊन गेली. क्लीन ऑडिओ मात्र अगदी स्वच्छ मिळाला.

मग मी ठरवलं, समीर काही म्हणो. मी हुंकार देणार. त्या दुपारी आप्पांनी मूस कसा बोलावतात ते सांगितलं. बर्च झाडाच्या सालीचा कर्णा करायचा, तोंडाला लावून मादीसारखा आवाज काढायचा. नाकातून, लांब, कळवळून. त्यांनी काढून दाखवायचा प्रयत्न केला, पण घशातून नुसती हवा आली. मग ते म्हणाले, "एइनो बोलवायचा. मला कधी त्याच्यासारखं जमलं न्हाई. एकदा बोलवायचं आणि बसायचं. तासभर काही न्हाई. मग लांबून, झाडीतनं… उंह्. थांबून परत, उंह्. नर येतो तो हुंकार देत येतो बघ."

"हं," मी म्हणाले, आणि अंगावर काटा आला.

त्याबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे. कुणीतरी बोलावतं आहे, आपण ओ दिली पाहिजे, एवढ्यासाठी तो एवढा मोठा जीव झाडं मोडत येतो आणि त्या ओ देण्यातच मरतो. मी मटण खाते, मला पावित्र्याचा आव आणता येणार नाही. आप्पाही आणत नसत. "मारायला जायचं आणि रडायचं, असला ढोंगीपणा न्हाई केला," ते म्हणायचे. "पण जनावर पडलं की आम्ही टोप्या काढायचो. एइनो काहीतरी पुटपुटायचा त्याच्या भाषेत. मी आपला हात लावून नमस्कार करायचो." शिकारीला चांगलं किंवा वाईट म्हणायचं मी त्या दुपारी सोडून दिलं. ऐकायचं तेवढं राहिलं.

एका रविवारी त्यांनी मायक्रोफोनवर रुमाल टाकला आणि म्हणाले, "पोरी, हे सगळं झालं. पण एक गोष्ट मी मागं ठेवलीय. शेवटच्या शिकारीची. ती सम्याला सांगायचीय. माझ्या तोंडानं, आवाज जायच्या आत."

"मग सांगा ना. फोन लावू?"

"फोनवर त्याला ऐकायचं नसतं. मी काय सांगायला लागलो की सारखं अंहं, अंहं. नको तर नको म्हटलं."

मला आधी कळलंच नाही. मग लख्ख कळलं. "आप्पा, तो 'नाही' म्हणत नाही. ते इंग्रजीतलं असतं, अ-हा. म्हणजे हो. ऐकतोय, पुढे सांगा."

आप्पा माझ्याकडे वळले. "ते मला ठाऊक न्हाई व्हय? गिरणीत सगळे तसंच करायचे. मी पण करायचो." मग खाली बघत म्हणाले, "दुसऱ्यानं केलं की इंग्लिश ऐकू येतं. पोरानं केलं की मराठीच ऐकू येतं गं."

परक्या देशात इतकी वर्षं काढलेल्या माणसाचा कान कुठं परका होतो आणि कुठं होत नाही, हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नसतं. त्यानंतर मी वडिलांना जिंतूरला फोन केला आणि ते पाण्याच्या टाकीबद्दल काहीतरी सांगत होते ते सगळं अगदी मन लावून, हूं हूं म्हणत ऐकलं. "आज बरी गप्प हाईस," ते म्हणाले. गप्प! मी त्यांच्या प्रत्येक वाक्याला ओ देत होते, आणि त्यालाच ते गप्प म्हणत होते.

समीरला मी एवढंच कळवलं की शेवटचं रेकॉर्डिंग तुम्हीच करा, माझ्यानं गप्प बसवत नाही. ऑपरेशन त्याच आठवड्यात होतं. तो त्याआधीच्या रविवारी दुपारी आला. बाहेर वारा होता आणि गल्लीत कुणाचा तरी पानं उडवायचा पंप घोंघावत होता.

"जेवलास?" काकूंनी विचारलं.

"आय एट, आई."

"तोंडावरनं तर वाटत न्हाई."

तो बापासमोर स्टूल घेऊन बसला, मायक्रोफोन नीट लावला, कानाला हेडफोन चढवले. "ओके बाबा. बोल." आणि हाताची घडी घालून गप्प बसला. मी दाराशी उभी होते. जाऊ का म्हणून विचारलं तर आप्पांनी हातानंच थांबवलं.

आप्पांनी घसा खाकरला. आवाज आता इतका बसला होता की शब्दाच्या आधी वारा यायचा. "तर… ती शेवटची शिकार. तू होतास. मूस मारला. मग आलो घरी."

समीरनं हेडफोन थोडे सरकवले. "दॅट्स इट?"

"झालं की."

आप्पांच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली. जे सांगायचं होतं ते आत होतं, आवाजही अजून होता, पण त्या गप्प बसलेल्या पोरापुढे ते बाहेर निघत नव्हतं. आणि आता पुढचा रविवार नव्हता.

आतून काकूंचा आवाज आला, "अरे मुक्यासारखा काय बसलास त्यांच्यापुढं? हुंकार दे की!"

"व्हॉट्स हुंकार?"

"हं म्हण. हं! त्याशिवाय त्यांना सांगता येत न्हाई. जन्मात आलं न्हाई."

"पण आई, ऑडिओ—"

"चुलीत घाल तुझा ऑडिओ."

समीरनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यानं हेडफोन काढून मांडीवर ठेवले. "ओके. बाबा, परत सांग. आपण कनूमध्ये होतो."

"कनू दलदलीपाशी लावली," आप्पा म्हणाले. "तू मधी, एइनो पुढं, मी मागं. पाणी कडेला गोठायला लागलं होतं."

"अ-हा," समीर म्हणाला.

आप्पांनी माझ्याकडे एक नजर टाकली आणि मिशीत हसले. "म्हणजे हो," ते स्वतःशीच म्हणाले आणि पुढे निघाले. "उतरून चिखलातनं चालत गेलो. गवतात बसलो. एइनोनं बोलवलं."

"अ-हा."

"लई वेळ काही न्हाई. मग पलीकडनं हुंकार आला."

"हं," समीर म्हणाला. कसा कुणास ठाऊक, पण तिथं त्याच्या तोंडून 'हं' निघाला, अगदी जागच्या जागी.

मग गोष्ट चालायला लागली. नर झाडीतून बाहेर आला, शिंगांवर गवत अडकलेलं, नाकातून वाफ. आप्पांनी नेम धरला. गोळी लागल्यावरही तो पडला नाही, उभा राहिला, कशाला आलो तेच आठवत नसल्यासारखा. मग पुढचे गुडघे टेकले आणि पाण्यात बसला. "मी टोपी काढली. तुला दाखवावं म्हणून वळलो. तर तू." आप्पा थांबले. श्वास गोळा केला. "तुझ्या डोळ्यांतनं धारा लागलेल्या. तोंडातनं आवाज न्हाई. नुसता रडत होतास."

"हं."

"एवढंसं पोर. मला वाटलं, ह्याच्या जिवाला लागलं. जनावर मेलेलं ह्याला बघवलं न्हाई. त्या दिवशी मी ठरवलं, बास. एइनोला बंदूक देऊन टाकली. तो हसला मला. हसू दे म्हटलं. आवडायचं मला, खोटं कशाला बोलू? पण तुझ्या डोळ्यांत पाणी येणार असलं तर नको. हे तुला कधी बोललो न्हाई. आता बोलतो. तुझ्यामुळं सोडली, आणि मला वाईट वाटलं न्हाई. कळलं?"

समीरनं हं म्हटलं नाही. तो जमिनीकडे बघत होता. पानांचा पंप बंद झाला होता.

"बाबा," तो म्हणाला, "मी मूससाठी नव्हतो रडला."

"मग?"

"माझी पाय."

"काय?"

"माझी पाय फ्रोझन होती. चिखलात बूटमध्ये वॉटर गेला होता. आईने मला ते मिल्क बॅग्ज घातले होते ना, सॉक्सच्या वर."

इथं ओंटारिओत दूध प्लॅस्टिकच्या पिशव्यांत मिळतं. काकू त्या रिकाम्या पिशव्या धुऊन ठेवायच्या, अजून ठेवतात. त्या आता पळी हातात घेऊन दारात आल्या होत्या. "पिशव्यांना नावं ठेवू नकोस! पाय कोरडे ऱ्हावेत म्हणून घातल्या होत्या. पाणी आत जाऊ नये म्हणून!"

"वरून गेला, आई. आणि मग बाहेरपण नाही आला."

आप्पा खुर्चीत पुढे सरकले. "अरे गाढवा, मग सांगायचं न्हाई का? हातभर अंतरावर बसलो होतो मी!"

"तू म्हणाला होता," समीर म्हणाला. पन्नाशीचा माणूस, बँकेत लोकांना घाम फोडणारा, त्याचा आवाज अगदी बारीक झाला. "शिकारीला आला की, काही झाला तरी आवाज नाय करायचा."

मग आप्पांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं ठसका लागला. ते हसत होते. घशातून आवाज फारसा निघत नव्हता, पण सगळं अंग हसत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं. काकू आधी रागावल्या, मग त्याही पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. समीर हसला नाही. हसू थांबेपर्यंत थांबला.

"नेक्स्ट इयर तू गेलाच नाहीस. बंदूक पण नव्हती. मला वाटला, मी रडला ना, एइनोच्या समोर. तुला माझा शरम वाटला. म्हणून तू परत कुठेच नाही नेलास."

आप्पांचं हसू जागच्या जागी विझलं. त्यांनी हात पुढे केला आणि समीरच्या गुडघ्यावर ठेवला. ते काहीतरी मोठं बोलतील असं मला वाटलं. शरम कसली रे, असं काहीतरी. पण ते आता फार दमले होते आणि शब्द जपून वापरायचे दिवस होते.

"मी तर तिकडं जनावर पाण्यातनं ओढत होतो," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मग तुझं काय झालं? सांग."

"आता?"

"आता."

समीरनं मायक्रोफोनकडे पाहिलं. त्यावरचा लाल ठिपका अजून लागलेला होता. त्यानं तो बंद केला नाही. हात कुठं ठेवावेत ते न कळल्यासारखे गुडघ्यांवर, बापाच्या हाताशेजारी ठेवले.

"ओके. तर… एइनो मला पाठीवर घेऊन फायरजवळ आला."

"हं," आप्पा म्हणाले.

"त्यानी माझे बूट काढले. बॅग्ज काढले. आणि माझी पाय त्याच्या शर्टच्या आत, पोटावर ठेवली."

"हं."

"आय कुडंट फील देम. मला वाटला, आता माझी पाय नाहीत. पण मी काही नाही बोलला. मी तुझा वाट बघत होता."

"हं," आप्पा म्हणाले.